गाव ओस, ग्रुप जोरात

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो फॉरवर्ड येतोच. ‘अमुक साली देशात बहुसंख्य कोण असेल, बघा!’ मग दोन दिवस राडा. कोणीतरी ग्रुप सोडतं, अ‍ॅडमिन परत घेतो. गंमत म्हणजे ग्रुपमधल्या पस्तीस जणांपैकी रत्नागिरी जिल्ह्यात उरलेत फक्त सहा. बाकी आम्ही पुणे, ठाणे, बंगळुरू. त्यावर मात्र कधी कोणी भांडलेलं आठवत नाही.

धर्माचं म्हणाल तर मुस्लिमांचा वाटा वाढलाय, हे खरंय. 2001 मध्ये 13.4 टक्के, 2011 मध्ये 14.2. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही बघा ना. 1992-93 मध्ये मुस्लिम बाईमागे सरासरी 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.36. हिंदूंमध्ये 3.3 वरून 1.94. म्हणजे एकापेक्षा जास्त मुलाचा फरक अर्ध्याच्याही खाली आला. माझ्या आजीला सात भावंडं, आईला तीन, मला एक. मोहल्ल्यातल्या माझ्या मित्राच्या घरीही डिट्टो हेच.

खरी उलथापालथ झालीय ती कोण कुठे राहतं यात. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. वाढली नाही, चक्क घटली! सिंधुदुर्गाचंही तेच. तेवढ्याच काळात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होतं) 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला.

आणि आम्ही सोडलेली जागा रिकामी थोडीच राहते? आमच्याकडे आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी खलाशी. वाडीतल्या शाळेचा पट त्यांच्याच पोरांवर टिकलाय. मागच्या मे महिन्यात त्यातली एक चिमुरडी आजीला म्हणाली, ‘आजी, फणस फोडू काय?’ आम्हा नातवंडांपेक्षा तिचा हेल जास्त कोकणी!

2021 ची जनगणना झालीच नाही. आता संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. तोपर्यंत आपण सगळे 2011 च्या आकड्यांवर भांडतोय. तेव्हा मी सहावीत होतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या वेळी प्रगणक आला की आपण जिथे राहतो तिथेच नाव सांगायचं, मग ते पीजी असो की कॉट बेसिस. आजी म्हणते, ‘तुझं नाव इथंच घाल हां, नायतर घरावरचा हक्क जायचा.’ असलं काही होत नाही. जनगणनेतली नोंद कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही, कायदाच आहे तसा. पण सगळ्यांनी गावीच नावं लावली तर कागदावर वाडी भरलेली दिसेल, आणि आजीला दवाखान्यात न्यायला वाडीत एकही तरणा माणूस नाही हे कोणाला कळणारच नाही.

मी पुण्यातच नाव देणार आहे. आजीशी त्यावरून अजून वाद चालू आहे.