‘हे आपले नाही’ : उमरेडच्या चौकातून एका जुन्या आरोपाची उलटतपासणी

१/ उमरेडच्या एखाद्या चौकात चार तरुण मोबाईलवर ठेका लावून नाचू लागले, कुणी नागपुरी बोलीत रॅप म्हणू लागला, कुणी भिंतीवर रंगाचा फवारा मारला, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘हे आपले नाही.’ वाक्य लहान आहे, परंतु त्यात इतिहासाविषयीचा एक मोठा दावा दडलेला आहे. तो पुराव्यावर टिकतो काय, याची ही तपासणी. #थ्रेड

२/ या दाव्याचे तीन पदर आहेत. पहिला : आपली संस्कृती इथल्याच मातीत, बाहेरच्या स्पर्शावाचून वाढली. दुसरा : बाहेरून आलेले कायम उपरेच राहते. तिसरा : रस्त्यावर घडते ते हलके. तिन्ही पदर उमरेड आणि त्याच्या आसपासच्या इतिहासावर घासून पाहता येतात. निष्कर्ष आरोप करणाऱ्यांना सुखावणारा नाही.

३/ आरंभ पोशाखापासून. उमरेडचे नाव एकेकाळी दूरवर गेले ते कोष्ट्यांच्या मागामुळे. इथली रेशीमकाठी सुती वस्त्रे, विशेषतः धोतरे, नावाजलेली होती. काठाची रुंदी, रंग आणि वीण यांवरून नेसणाऱ्याची ऐपत आणि आवड ओळखली जाई. आज ज्याला ‘फॅशन’ म्हणून नाक मुरडले जाते, ती उमरेडची उपजीविका होती.

४/ हे वस्त्र कितपत ‘शुद्ध’ होते? १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि विलायती कापड व सूत स्वस्तात येऊ लागले. १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मध्यप्रांतातील जाडेभरडे विणणारे विणकर या माऱ्याखाली कोलमडले. रेशीमकाठी तलम वस्त्र विणणारे त्या मानाने तग धरून राहिले. तेही गिरणीचे सूत मागावर चढवून.

५/ ज्या धोतराला पुढे ‘परंपरा’ म्हटले गेले, त्याचे सूत बहुतेक वेळा यंत्रावर कातलेले होते. म्हणून ते उमरेडचे नव्हते काय? होतेच. वीण उमरेडची, हात उमरेडचे, डोळा उमरेडचा. वस्तू कुणाची हे कच्चा माल कोठून आला यावर ठरत नाही. तिच्यावर कुणाची मेहनत आणि कुणाची बुद्धी खर्ची पडली यावर ठरते. हाच निकष रॅपला का नको?

६/ दुसरा पदर : ‘उपरे ते उपरेच.’ पेटीचे उदाहरण घ्यावे. हार्मोनियम हे युरोपीय वाद्य. १९४० मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली. भारतीय संगीताला ते परके आणि मारक आहे, असा आक्षेप होता. बंदी उठली १९७१ मध्ये. तोवर पेटी कीर्तनात, भजनी मंडळात आणि नाट्यसंगीतात घरची झाली होती.

७/ आज गणपतीपुढे पेटीवर भजन म्हणणारे आजोबा नातवाच्या बीटबॉक्सला ‘विदेशी’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मांडीसमोरचे वाद्य एकतीस वर्षे याच आरोपाखाली आकाशवाणीबाहेर उभे होते, हे त्यांना कुणीतरी नम्रपणे सांगावयास हवे.

८/ आता गाणे. उमरेड झाडीपट्टीच्या उंबरठ्यावर वसले आहे. या भागाची स्वतःची लोककला म्हणजे खडी गंमत. नाव सार्थ आहे : कलावंत उभ्याने सादर करतात. शाहीर, ढोलकी, स्त्रीवेषातील नाच्या, हजरजबाबी सोंगाड्या. रंगमंच लागत नाही. प्रेक्षक भोवती जमले की तोच मंच.

९/ याच परंपरेच्या शेजारी कलगी-तुरा नांदतो. एक फड शक्तीची थोरवी गाणारा, दुसरा शिवाची. एकाने कूट टाकावे, दुसऱ्याने तिथल्या तिथे पद्यातच उत्तर द्यावे. जमले नाही तर हार, आणि तीही गावासमोर. शब्दांची ही झुंज रात्र रात्र चाले. दोन रॅपर समोरासमोर उभे राहतात, तेव्हा या मातीला ते दृश्य अगदीच अनोळखी नाही.

१०/ इथे तरुणांनाही एक गोष्ट खडसावून सांगणे भाग आहे. ‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’ हे विधान खोटे आहे. हिप-हॉपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या वस्त्यांत झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने वाजवलेली मेजवानी ही त्याची रूढ जन्मतारीख मानली जाते. ज्यांचे ऋण आहे, त्यांचे नाव घ्यावे.

११/ दोन गोष्टींत साम्य असणे वेगळे आणि एकीतून दुसरी जन्मणे वेगळे. ब्राँक्समधील दारिद्र्याने जे शोधले, ते विदर्भातील तरुणाला आपलेसे वाटते याचे कारण वंशावळ नाही. दोघांच्याही खिशात पैसा नव्हता आणि दोघांनाही मंच कुणी दिला नव्हता, हे खरे कारण होय. रॅपला मान मिळावा म्हणून खोटी कुंडली मांडण्याची गरज नाही.

१२/ भिंतीवरच्या आणि रस्त्यावरच्या चित्रकलेचे काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात गावागावांतून मारबत निघते आणि गावाची इडापिडा वेशीबाहेर नेली जाते. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत यांच्या मिरवणुका १८८० च्या दशकापासून रुळल्या. काळ्या मारबतीचा संबंध लोकस्मृती भोसले घराण्यातील बाकाबाईंशी जोडते; कारण त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, असा लोकांचा रोष होता.

१३/ मारबतीसोबत निघतात बडगे. कागद, बांबू आणि रंग यांचे हे पुतळे दरवर्षी नवे असतात : महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांच्या मनातून उतरलेला एखादा पुढारी. वस्तीतील तरुण ते घडवतात, रस्त्यावर मिरवतात आणि संध्याकाळी जाळून टाकतात. क्षणभंगुर, उपरोधिक, परवानगीची वाट न पाहणारी कला. जगभर याला ‘स्ट्रीट आर्ट’ म्हणतात. नागपुरास हे नाव ठाऊक नव्हते. काम ठाऊक होते.

१४/ आता भिंतीचा कायदा. सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम १९९५ चा आहे. तो असावाच. परंतु राज्यातील कोणत्याही गावात उभे राहून पाहावे : चौक झाकून टाकणारे वाढदिवसाचे फ्लेक्स कुणाचे असतात? ज्या डोळ्यांना मुलाने काढलेले चित्र खुपते, त्यांना वीस फुटी अभिनंदनाचा फलक का खुपत नाही? प्रश्न सौंदर्याचा असता, तर उत्तर वेगळे आले असते.

१५/ तिसरा पदर : ‘रस्त्यावरचे ते हलके.’ उमरेडच्या दक्षिणेस, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे उठाव झाला. त्यामागे तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेली तरुण मने होती. हाती खंजिरी, बोली साधी, श्रोते गावकरी. महाराजांचे वय तेव्हा ३३ वर्षांचे होते.

१६/ सरकारने त्या खंजिरीला हलके मानले नाही. ऑगस्ट १९४२ मध्येच महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. रस्त्यावरच्या गाण्याचे वजन सत्तेला नेहमीच अचूक कळते. ते कळत नाही ते केवळ घरातल्या दिवाणखान्याला.

१७/ सत्तेच्या या जाणिवेचा कागदोपत्री पुरावा जुना आहे. नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा १८७६ चा. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले १९०७ मध्ये, त्यावर बंदी आली १९१० मध्ये. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई प्रांतात अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आली. पुढे संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर तो पुन्हा उभा राहू शकला. (उमरेड तेव्हा मध्यप्रांतात होते; हा हुकूम त्याला लागू नव्हता.)

१८/ तमाशा कुणाचा होता, हेही विचारले पाहिजे. महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी तो जगवला. श्रीधर कुलकर्णी नावाचा ब्राह्मण तरुण फडात गेला, पठ्ठे बापूराव झाला आणि पवळाबरोबर उभा राहिला, तेव्हा गहजब झाला. ‘हे आपले नाही’ या वाक्यातील ‘आपले’ हा शब्द कधीच सगळ्यांचा नव्हता. त्याला जातीची कुंपणे होती.

१९/ विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या. आज त्यांच्याच नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. क्रम नीट पाहावा : आधी बंदी, मग परवानगी, मग उपेक्षा, मग मरणोत्तर हार. ‘वारसा’ ही पदवी आपल्याकडे कलावंत निरुपद्रवी झाल्यावरच बहाल होते.

२०/ झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आनंदच आहे. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एका लोककलेला पदक आणि दुसरीला पोलीस ठाणे. फरक कलेत नव्हता. काळाच्या अंतरात होता.

२१/ प्रामाणिक आक्षेप एकच उरतो : ‘यात शिवीगाळ आहे, स्त्रियांविषयी हीन बोल आहेत, नशेचे कौतुक आहे.’ पुष्कळ ठिकाणी हे खरे आहे, आणि त्यावर कठोर टीका व्हावी. पण ती गाण्याच्या आशयावर व्हावी. शिमग्याची बोंब आणि सोंगाड्याचा द्व्यर्थी विनोद ‘आपला’ म्हणून सोडून द्यायचा आणि रॅपला मात्र ‘परका’ म्हणून झोडपायचे, हा न्याय नव्हे.

२२/ आशय बदलता येतो, याचा दाखलाही इथलाच आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा ढाचा घेतला आणि त्यात जातीच्या जुलमाविरुद्धचा विचार भरला; तो सत्यशोधक जलसा झाला. आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. त्यांनी तमाशा टाकून दिला असता, तर तो विचार खेड्यापर्यंत पोहोचला असता काय?

२३/ या साऱ्यात कायमचे नुकसान झाले ते एका ठिकाणी. खडी गंमतीतील किती शाहिरांची, किती नाच्यांची नावे आज लेखी सापडतात? फार थोड्यांची. कारण ज्यांना लिहिता येत होते, त्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नाही. तुच्छतेने कला मरतेच असे नाही. पण तिचा पुरावा मात्र नक्की मरतो.

२४/ म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांवर एक जबाबदारी येते. आपल्या गावात आज कोण नाचते, कोण लिहिते, कोणत्या भिंतीवर काय रंगवले होते आणि ते केव्हा पुसले गेले, याची नोंद ठेवावी. तारीख, जागा, आणि कलावंताची संमती असेल तर नाव. गावच्या म्हाताऱ्या शाहिराचा आवाज त्याच फोनमध्ये ध्वनिमुद्रित करावा, ज्यावर रॅपचा ठेका वाजतो.

२५/ आणि गावकारभाऱ्यांकडे मागणी माफक आहे : एक भिंत, एक चौक, आठवड्यातील एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी खडी गंमतही उभी राहावी आणि रॅपही. उमरेडच्या विणकराने गिरणीचे सूत हाती घेतले, तेव्हा त्याला कुणी ‘हे आपले नाही’ म्हणून थांबवले असते, तर उमरेडचे धोतर इतिहासात उरलेच नसते.