धोका फक्त ॲसिडचाच?



‘भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कसला आलाय धोका?’ हे पत्र वाचले. ॲसिड नाही म्हणजे धोका नाही, हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. शिरूरचे बोरा महाविद्यालय असो वा दौंडचे कटारिया, पदार्थविज्ञानाची बहुतेक उपकरणे चालतात २३० व्होल्टवरच. प्लग नसला की सोललेल्या वायरी काडीने सॉकेटमध्ये खोचायच्या, ही सवय मुले घरूनच घेऊन येतात. ती पहिल्याच दिवशी मोडायला हवी. ३० मिलिॲम्पियर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा, आणि टेस्टचे बटण दाबून तो अधूनमधून तपासावाही.

लेझरचे तर विचारूच नका. विवर्तनाच्या प्रयोगात किरण टेबलालगत आडवा जातो. पडलेली पेन्सिल उचलायला वाकलेल्या मुलीचा डोळा नेमका त्याच पातळीवर येतो. अंगठीवरून, स्टीलच्या पट्टीवरूनही किरण उलटतो. १ मिलिवॅटपर्यंत पापणी मिटून डोळा वाचतो. ५ मिलिवॅटला तो भरवसा नाही.

पहिले प्रॅक्टिकल या सुरक्षेलाच द्या. जर्नल आठवडाभर मागे पडले तरी चालेल.

– भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, शिरूर