बस्तीच्या अंगणातला खोटा अशोक

गेल्या चातुर्मासाआधी आमच्या बस्तीच्या अंगणात पेव्हर बसले. जुन्या आंब्याखाली मी लावलेलं अशोकाचं रोप त्यात गेलं. चार वर्षांचं होतं, माझ्या कमरेला लागायचं. सकाळी दर्शनाला गेले तर तिथं सिमेंट ओलं होतं. कमिटीतल्या एका आण्णांना विचारलं. ते हसून म्हणाले, "अक्का, कशाला वाईट वाटून घेता? तुमच्या एका अशोकाच्या बदल्यात दहा लावतोय की!" आणि आठ दिवसांत भिंतीलगत दहा रोपं उभी राहिलीही. सरळसोट, लांबट पानांची, एका रांगेत. त्यातला एकही अशोक नव्हता.

बायांनो, ही गोष्ट माझ्या एका रोपाची असती तर मी घरात बसून रडले असते, लिहिलं नसतं. पण आपल्या धर्मात अशोकाला काय स्थान आहे ते आठवा. तीर्थंकरांची आठ प्रातिहार्यं आपण पाठ म्हणतो. त्यात सिंहासन आहे, छत्र आहे, भामंडल आहे, आणि अशोकवृक्षही आहे. भक्तामराचं अठ्ठाविसावं काव्य याच झाडाखाली बसलेल्या भगवंतांचं आहे. रोज म्हणतो आपण. आणि बस्तीतल्या शंभर जणांना विचारा, अशोक कुठला? शंभर हात त्या भिंतीकडच्या रांगेकडे जातील.

ते झाड वाईट नाही. त्याची फळं वटवाघळं खातात, त्याच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. पण ते सीताफळाच्या कुळातलं आहे आणि त्याची फुलं हिरवट, पानांत लपणारी. खरा अशोक, ज्याला सीता अशोक म्हणतात, तो चिंचेच्या कुळातला. त्याची कोवळी पालवी तांबूस असते आणि ओल्या लुगड्यासारखी खाली लोंबते. फुलं येतात ती जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर, गुच्छांनी. आधी पिवळी-केशरी, मग लाल होत जाणारी. रात्री वास येतो. एकदा पाहिलेली बाई पुन्हा चुकणार नाही.

पण पाहायचा कुठं? हे झाड पश्चिम घाटातल्या दमट रानात, ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. १९९८ पासून जगाच्या लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून आहे. रानं तुटली हे एक कारण. दुसरं कारण आपल्या कपाटात आहे.

अशोकारिष्ट. बायकांचं औषध. पाळी जास्त गेली, कंबर धरली, की सासूबाईंनी, शेजारणीनं, दुकानदारानं सांगितलेली ती बाटली. औषध घेऊ नका असं मी म्हणत नाही, तो वैद्यांचा विषय. पण ती साल येते कुठून? मागणीच्या मानानं लागवड फार थोडी, म्हणून रानातली झाडं सोलली जातात, पुष्कळदा तोडलीच जातात. आणि खरी साल पुरत नाही म्हणून बाजारात भिंतीलगतच्या त्या खोट्या अशोकाची सालही मिसळली जाते. म्हणजे अंगणात खोटा, बाटलीतही खोटा. अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी वर्ज्य करतो, वनस्पती एकेंद्रिय जीव आहे म्हणून बटाटा उपटू देत नाही. मग झाड सोलून काढलेली साल, तीही गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवलेली, आपल्याला कशी चालते? त्या हिंसेचा हिशोब कधी कुणी मांडलाय?

मला उत्तर मिळतं, "अक्का, झाड लावणं हाही आरंभच. माती खणली की जीव मरतात. फरशी स्वच्छ, मुंग्या पायाखाली येत नाहीत." हे ऐकून मी गप्प बसणारी नाही. पेव्हरसाठी जेसीबीनं अंगण हातभर उकरलं तेव्हा जीव मेले नाहीत काय? पहिल्या पावसात वर आलेली गांडुळं सिमेंटवर सुकून मेली, ती मी स्वतः झाडून काढली. आंब्याच्या बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट लावलंय, त्याला श्वास कुठून मिळायचा? आणि चैत्रात दुपारी त्या तापल्या फरशीवर अनवाणी आर्यिका माताजी चालतात, ते कमिटीला दिसत नाही?

म्हणे हे झाड आमच्या चिकोडीकडच्या उन्हात जगत नाही. माझ्या परड्यात जगलंय! पंधरा वर्षं झाली. कसं, ते सांगते. शेंगा पिकल्या की बी लगेच लावायचं. ठेवलेलं बी उगवत नाही, वाळलं की मेलं. रात्रभर पाण्यात भिजवून, आडवं ठेवून, बोटाच्या पेराएवढं खोल. महिन्याभरात कोंब येतो. रोपाला पहिली तीन-चार वर्षं मोठ्या झाडाची सावली हवीच. माझं चिकूखाली आहे. मुळाशी ओल हवी, पण पाणी साचता कामा नये. आमच्या काळ्या मातीत मी दोन बुट्ट्या वाळू आणि पाचोळ्याचं खत मिसळलं. उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात, तेव्हा बुंध्याशी पाचोळा जाड पसरायचा आणि दिवसाआड घागरभर पाणी. घाई करायची नाही. माझ्या झाडाला आठव्या वर्षी फूल आलं. 'मालविकाग्निमित्रा'त अशोक फुलावा म्हणून मालविकेला त्याला लाथ मारायला पाठवतात. कवींना तसं वाटलं असेल. माझा अनुभव असा, की बाईच्या लाथेनं नाही, घागरीनं फुलतो.

बस्तीचं अंगण झाडायला बायका, पर्वात स्वयंपाकाला बायका, चातुर्मासात चौका लावायला बायका. अंगणाचं काय करायचं हे ठरवताना मात्र एकीलाही बोलावलं नाही. रोप उपटलं गेलं ते याच्यामुळं. म्हणून माझं मागणं रोपाच्या भरपाईचं नाही. आंब्याभोवतीचे पेव्हर काढा, खाली माती मोकळी करा, आणि तिथं काय लावायचं ते श्राविकांना ठरवू द्या. गावोगावच्या बायांनाही सांगते, आपापल्या बस्तीतला 'अशोक' आधी पानाफुलांवरून ओळखून बघा. खोटा निघाला तर तोडू नका. त्याच्याच सावलीत खरा लावा.

महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीला येते. माझ्या परड्यातला अशोक तेव्हा केशरी झालेला असतो. यंदा त्याच्या शेंगा धरल्या की बी वाटणार आहे. पहिली मूठ मी आमच्या त्या आण्णांच्या सुनेच्या हातात देणार. तिनं परवा विचारलंय, "अक्का, मला लावायला याल काय?"