सीपीआर नको असेल, तर ते वेळेत लिहा



हृदय बंद पडल्यावर सीपीआर करायचा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मध्यरात्री, आयसीयूच्या दाराशी, भांबावलेल्या मुलाला विचारला जातो. ज्याचा जीव, त्याला मात्र शुद्धीवर असताना कोणी विचारलेलेच नसते. हे बदलायला हवे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टर-संशोधकांनी १९६० मध्ये छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत, म्हणजे आजच्या सीपीआरचा गाभा, मांडली. अचानक हृदय थांबलेल्यांना ती वरदान ठरली. पुढे मात्र ती सरसकट मरणाऱ्या प्रत्येकावर होऊ लागली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती किमान ५ सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने दाब द्यावा लागतो. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात. कर्करोग हाडांपर्यंत पोचलेल्या आजींच्या पदरात यातून काय पडते?

म्हणूनच १९७४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सीपीआर न करण्याचा निर्णय केसपेपरवर नोंदवायला सांगितले. तरी सगळीकडे तसे झाले नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका रुग्णालयात ज्यांना सीपीआर द्यायचा नाही त्यांच्या कार्डावर जांभळा ठिपका चिकटवत आणि मृत्यूनंतर कार्ड फेकून देत. १९८४ च्या ग्रँड ज्युरी अहवालाने हे उजेडात आणले. लेखी नोंद टाळली की अशा चोरवाटा निघतातच.

आपल्याकडे आता सबब उरलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची सीपीआर न करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२० पासून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांची अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरचे साक्षांकन पुरेसे ठरवले.

‘नको म्हटले तर डॉक्टर बघणारच नाहीत’ ही भीती खरी आहे आणि ती डॉक्टरांनीच घालवली पाहिजे. ‘सीपीआर नको’ ही नोंद फक्त सीपीआरपुरती असते. अँटिबायोटिक, सलाईन, वेदनाशामक, धाप कमी करणारी औषधे, यातले काहीही तिच्यामुळे बंद होत नाही.

दुर्धर आजाराच्या रुग्णाशी हे बोलणे ओपीडीतच, घरच्यांसमक्ष व्हावे. झालेली नोंद फाइलच्या पहिल्या पानावर राहावी, रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला तर त्याच्यासोबत जावी, आणि त्याने मत बदलले तर त्याच्या तोंडी सांगण्यावरही लगेच रद्द व्हावी.