प्रबंधातला रुग्ण आणि प्रबंध लिहिणारा

एमडी किंवा एमएस होण्यासाठी प्रबंध लिहावाच लागतो. पहिल्या वर्षी गाइड मिळतो, विषय ठरतो, सिनॉप्सिस नीतिमत्ता समितीकडे जाते आणि मग सुरू होते ‘केसेस’ गोळा करणे. सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात या केसेस म्हणजे खेड्यांतून आलेली माणसे असतात. कापसाच्या शेतात राबणारी बाई, रक्तक्षय झालेली गरोदर पोर, फवारणी करून आलेला मजूर. त्यांचे रक्त, त्यांचे एक्स-रे आणि त्यांनी दिलेली उत्तरे यांतून प्रबंध उभा राहतो. या घरांतली मुलगी पुढे त्याच प्रबंधाच्या मुखपृष्ठावर संशोधक म्हणून कधी येणार?

वर्ध्याच्या एका अंगाला सेवाग्राम आहे, दुसऱ्या अंगाला सावंगी. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रवेशाला आरक्षण लागू आहे. सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय अभिमत विद्यापीठात येते, आणि देशभरातल्या खासगी अभिमत विद्यापीठांत एमडी-एमएसच्या जागांना अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांचे आरक्षण नाही. यात एकट्या सावंगीचा दोष नाही. कायद्यानेच ही मोकळीक ठेवली आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ केली, तेव्हाही खासगी अभिमत विद्यापीठे वगळली. म्हणजे जिथे फी सर्वांत जास्त, तिथे ना जागा राखीव, ना फी माफ.

खासगी संस्था स्वतःच्या पैशाने उभी राहिली, तिच्यावर बंधन कशाला, असे म्हणणारे माझे अनेक वाचक आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन की इमारत संस्थेची असली तरी मान्यता सरकारची आणि रुग्ण गावांचे असतात. राज्यघटनेनेही हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. ९३व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(५) मध्ये खासगी विनाअनुदानित संस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याची मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती वैध ठरवली. असा केंद्रीय कायदा करा, अशी शिफारस संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये केली आहे.

ही मागणी मी दयेपोटी करत नाही. संशोधक कुठून आला यावर तो काय विचारणार हे बऱ्याच अंशी ठरते. सिकलसेल हा विदर्भातल्या दलित, आदिवासी आणि कुणबी घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला आजार. ज्या घरात लग्न जमवताना ‘रक्ताची तपासणी झाली का’ हा प्रश्न उच्चारायलाही भीती वाटते, त्या घरातली डॉक्टर मुलगी प्रयोगशाळेतल्या आकड्यापाशी थांबणार नाही. ती लग्नाचे, लपवण्याचे, सुनेवर येणाऱ्या ठपक्याचे विचारेल. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. पाठीवर पंप घेऊन भर उन्हात चालणारा माणूस तोंडाला फडके का बांधत नाही, हे ज्याचा बाप फवारणी करत आला त्याला वेगळे समजते. असे प्रश्न विचारणारे संशोधनात आले नाहीत, तर नुकसान आपल्या आरोग्यशास्त्राचे आहे.

आणि समजा आरक्षणातून, गुणवत्तेतून, कर्ज काढून एखादी आत पोहोचली. पुढे काय होते? जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल कुटुंबातली डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला होती. २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर छळाचा गुन्हा दाखल झाला. मुलीला त्रास होतो आहे हे आपण आधीच सांगितले होते, असे तिच्या आईने सांगितले. त्याच आईने, आबेदा तडवी यांनी, अशाच रीतीने आयुष्य संपवलेल्या संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे भेदभावविरोधी नियम २०१२ पासून होते. ते पाळले जावेत म्हणून दोन आयांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

खरे तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. आपल्या अमरावती जिल्ह्यातले प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाचा अहवाल दिला. शिक्षकांचे सहकार्य न मिळणे, तोंडी परीक्षेतला दुजाभाव, वसतिगृहात एका कोपऱ्यात लोटले जाणे, सगळे त्यात होते. पदव्युत्तर विद्यार्थ्याचे तर सारे भवितव्यच गाइड आणि विभागप्रमुख यांच्या हाती. ड्युटी तेच लावणार, प्रबंधावर सही तेच करणार. म्हणून तक्रार ऐकणारा माणूस त्या विभागाच्याच नव्हे, त्या संस्थेच्याही बाहेरचा हवा.

पैशाचे दुखणे याहून जुने आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जायला १९२० उजाडले, तेही सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या जोरावर. इतक्या बुद्धीचा माणूस पैशाअभावी तीन वर्षे थांबला. आज आपण काय करतो? २०२३ मध्ये अनुसूचित जातींसाठीच्या राज्य सरकारच्या बार्टी संस्थेचे संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसून होते. फेलोशिप २०० जणांनाच द्यायची की सर्व ८६१ जणांना, हा वाद होता. बसून राहिल्यावरच ती सर्वांना मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मराठा समाजासाठीच्या सारथी संस्थेच्या फेलोशिपची संख्या वाढवा, अशी मागणी विधान परिषदेत आली, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवा लावणार, असे विचारले होते. बाबासाहेबांच्या १९२३ च्या डी.एस्सी.ने काय दिवा लावला, हे रुपयाचा प्रश्न अभ्यासणाऱ्या कुणालाही विचारावे.

स्त्रियांबाबत नियम बरे आहेत. पीएच.डी. करणारीला २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळते, प्रबंधासाठी दोन वर्षे जास्तीची मुदतही मिळते. पण नियम माहीत असणे आणि गाइडसमोर रजेचा अर्ज ठेवण्याची हिंमत होणे यांत मोठे अंतर आहे.

सावंगीच्या विद्यापीठाने, सेवाग्रामच्या संस्थेने आणि वर्ध्याच्याच हिंदी विश्वविद्यालयाने एक काम उद्यापासून करावे. आपल्याकडे पदव्युत्तर आणि पीएच.डी. करणारे किती, कोणत्या समाजघटकांतून आणि जिल्ह्यांतून आले, त्यात मुली किती, मधेच सोडून गेले किती, हे दरवर्षी जाहीर करावे. त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहायची नाही, पैसाही लागत नाही. आणि विदर्भातल्या खासदारांनो, कलम १५(५) वरची ती शिफारस संसदेत पडून आहे. येत्या अधिवेशनात तिच्यावर बोला.