चेंबरला सिलिकॉन फासणाऱ्यांनो, जरा थांबा!

परवा शहापुरात एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या तरुणाने सांगितलं, "काका, बाबांची अ‍ॅम्बॅसॅडर आहे, पण इंजिनखाली ऑइलचं डबकं साचतंय." लगेच तीन बाजूंनी तीन सल्ले आले. "सिलिकॉन मारून टाक." "जुनी गाडी, गळणारच की." "भंगारात दे बाबा." जेवण गोड लागलं नाही. म्हणून हे लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

मी बी.कॉम., बँकेतून निवृत्त. इंजिनिअर नव्हे. पण आमच्या टिळकवाडीच्या घरी 1978 ची अ‍ॅम्बॅसॅडर अजून आहे आणि या तिन्ही सल्ल्यांची किंमत मी स्वतः मोजली आहे.

चार वर्षांपूर्वी आमचीही गळत होती. एका गॅरेजमध्ये नेली. सकाळी दिली, संध्याकाळी मिळाली. चेंबर (पुस्तकी भाषेत ऑइल सम्प) उतरवून, ट्यूबभर सिलिकॉन पिळून, बोल्ट करकचून आवळून दिला होता. खालची फरशी कोरडी! मी खूश. तीन महिन्यांनी कुलदैवताला गोव्याला निघालो. जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बायको म्हणाली, "घाट उतरून मग बघू या." मी तिथंच इंजिन बंद केलं. ती एक अक्कल देवाने वेळेवर दिली.

टो करून परत आणली. आमच्या जुन्या मिस्त्रींनी चेंबर उतरवला आणि मला हाक मारली, "साहेब, या, बघा." ऑइल पंपाची जाळी सिलिकॉनच्या शेवयांनी भरलेली. बाहेर जेवढं फुगून दिसत होतं, तेवढंच आतही फुगलं होतं, आणि तुटून तुटून गरम तेलात पडलं होतं. तेल पंपापर्यंत पोचतच नव्हतं. बेअरिंगचे शेल ओरखडले होते. आणखी दहा किलोमीटर गेलो असतो, तर क्रँकशाफ्टच गेला असता.

बँकेत याला आम्ही ओळखत होतो. बुडीत कर्जदाराला मार्चअखेर नवं कर्ज देऊन जुनं खातं चोख दाखवायचं. ताळेबंद कोरडा, आत सगळी गळती. सिलिकॉनचं काम तसलंच.

आता कुणी म्हणेल, नव्या गाड्यांत कंपन्याच लिक्विड पॅकिंग वापरतात. वापरतात की! तिथं कडा मशीनवर सपाट केलेल्या असतात, सीलंटही मोजून लावलेलं असतं. आमच्या गाडीचं 1489 सीसीचं इंजिन मूळ इंग्लंडच्या बीएमसीचं. त्याचा चेंबर पत्र्याचा. त्याला दोन्ही बाजूंना पॅकिंग, आणि पुढच्या-मागच्या मेन बेअरिंग कॅपच्या खाचेत कॉर्कच्या पट्ट्या. बोल्ट जास्त आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर उचलतो, दोन बोल्टांच्या मधे फट पडते आणि तिथून तेल झिरपतं. म्हणजे गळतं म्हणून आवळायचं आणि आवळलं म्हणून आणखी गळायचं!

आमच्या मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. चेंबर रॉकेलने धुतला. काचेवर पालथा ठेवून कड कुठं उचलली आहे ते पाहिलं. लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने एकेक भोक सपाट केलं. जुनं पॅकिंग खरवडून काढलं. नव्या कॉर्क पट्ट्या खाचेतून किंचित वर राहू दिल्या, म्हणजे दाबल्यावर गच्च बसतात. पॅकिंग जागेवर राहायला ग्रीसचा हात. सीलंट लावलं ते फक्त चार कोपऱ्यांत, जिथं पट्टी आणि पॅकिंग भेटतात, तेही तिळाएवढं. बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे, आळीपाळीने. ताकद सहा फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे लहान पाना बोटांनी फिरवायचा, दंडाने नव्हे. ड्रेन प्लगला नवा तांब्याचा वॉशर. दुसऱ्या दिवशी इंजिन तापवून, गार करून पुन्हा बोल्ट पाहिले. दोन दिवस गेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांनी आधी तपासलं. इंजिन धुतलं, टाल्कम पावडर भुरभुरवली, खाली तरुण भारतचं जुनं पान पसरलं. तेल वरून, बाजूच्या टॅपेट कव्हरमधूनही येत होतं आणि ओघळून चेंबरवर जमत होतं. ब्रीदर पाइप चोंदला होता, म्हणून आतला दाब तेल बाहेर ढकलत होता. या इंजिनाला क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच, तेल परत आत वळवणारे आटे आहेत. तिथून एखादा थेंब येणार. तेवढा सोसायचा. पण थेंब आणि डबकं यातला फरक कळायला नको?

दोष एकट्या गॅरेजवाल्यांचा नाही. "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणणारे आपणच. दोन दिवसांची मजुरी सांगितली की "एवढी कशाला, नुसतं पॅकिंग तर बदलायचंय" म्हणून घासाघीस करणारेही आपणच. धीराने काम करणाऱ्याला मजुरी मिळत नाही आणि ट्यूब पिळणाऱ्याला दुपारी पैसे मिळतात. मग शिकाऊ पोरगं काय शिकेल, सांगा! उद्यमबागेत लोखंडाचं कसबी काम करणारे हात ज्या गावात आहेत, त्या आपल्या बेळगावात पत्र्याची कड सपाट करणारा माणूस शोधावा लागावा, ही लाजेची गोष्ट आहे.

आमच्या मिस्त्रींचा मुलगा या धंद्यात नाही. ते सत्तरीला आले. पुढच्या वेळी कुणाकडे जायचं, मला ठाऊक नाही.

त्या पंगतीतल्या पोराला मी एवढंच सांगितलं. बाबांची गाडी भंगारात देऊ नको. आधी पेपर पसर, तेल कुठून येतंय ते बघ. मग चांगला मिस्त्री गाठ, दोन दिवस दे, आणि तो मागेल ती मजुरी मुकाट्याने दे.