बसायला स्टूल हवं

वडूजच्या पेठेत कापड दुकानात कामाला असणारी एक मैत्रीण आमच्या बैठकीला आली की आधी आडवी होते आणि पाय भिंतीला टेकवते. आम्ही हसायचो. एकदा तिने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. पोटरीवर पिळलेल्या, निळ्या, फुगलेल्या शिरा. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडलेली. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत ती उभी असते. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, फार उभ्या राहू नका." मालक म्हणतात, "गिऱ्हाईकासमोर बसलेलं बरं दिसत नाही." हे ते गादीवर बसून म्हणतात.

पायातलं रक्त वर चढवण्याचं मोठं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात, रक्त वर ढकलतात, आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की हा पंप थांबतो. रक्त साचतं, शिरा ताणतात, झडपा नीट मिटत नाहीत. पाय जड होतात, सुजतात. दुर्लक्ष झालं तर घोट्यापाशी जखम होते, ती महिनोन्‌महिने भरत नाही. आनुवंशिकता असते, वय असतं, हे खरं. गरोदरपणात शिरांवर ताण येतो आणि बाळंतपणं वाढली तसा धोका वाढतो, हेही खरं. पण म्हणून "बायकांचं असतंच" म्हणून मोकळं व्हायचं? बाळंतपणं काय तिने एकटीने ठरवली होती? आणि दहा तास उभं राहणं?

(स्वयंपाकघरात ओटा आला तेव्हा चुलीपुढच्या उकिडव्या बसण्यातून सुटलो म्हणून आपण खूश झालो. ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवावं, हे मलाही कधी सुचलं नाही.)

1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 44 मध्ये, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. पण कापड दुकान म्हणजे कारखाना नव्हे! केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका 'पेणकूट्टु' संघटनेतून बसण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि 2018 साली तिथल्या सरकारला दुकान कायदा बदलावा लागला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तसंच केलं.

नुसत्या स्टुलाने फुगलेली शीर बरी होणार नाही. दिवसभर पाय लोंबते ठेवून बसणंही वाईटच. मधूनमधून बसणं, मधूनमधून चालणं, दुपारी दहा मिनिटं पाय उंच ठेवायला जागा, आणि दुखणं वाढण्याआधी तपासणी, एवढं हवं. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच घालायचे. त्यांचा खर्च पगारातून कापायचा नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

पाडव्याच्या खरेदीची गर्दी सुरू व्हायच्या आत आम्ही पेठेतल्या दुकानदारांना भेटणार आहोत. ती मैत्रीण येणार नाही म्हणाली, कामावरून काढतील. तिचं नाव आम्ही कुठे घेणार नाही. स्टुलाचं मात्र प्रत्येक दुकानात विचारणार आहोत.